पिशवी काढण्याआधी रिंगचा विचार

कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव किंवा खुद्द वाशिम, यांपैकी कोणत्याही पेठेतील जुन्या व्यापारी घरात हे दुखणे एकाच वाक्यात सांगितले जाते. तेही बहुधा माहेरी आलेल्या लेकीला किंवा विश्वासातल्या सुनेला, घरातील पुरुष दुकानावर गेल्यानंतर. “अगं, अंग खाली उतरल्यासारखं वाटतं.” त्यापुढे बोलणे सरकत नाही. सांगणारी स्त्री साठीची असते, तिची बाळंतपणे चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलेली असतात, आणि हा त्रास तिला गेली दहा-बारा वर्षे आहे हे ऐकणारीला त्याच दिवशी कळते.

अंग बाहेर येणे म्हणजे काय, हे प्रथम सरळ शब्दांत सांगितले पाहिजे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि अस्थिबंधांची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव तिच्या आधारावर राहतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन कमी झाले की ती पातळ आणि सैल होते. जुनाट खोकला, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, जड वजन उचलणे यांनी तिच्यावर सतत दाब पडतो. मग पुढून मूत्राशय, मधून गर्भाशय किंवा मागून गुदाशय योनिमार्गात उतरू लागतो. सुरुवातीला संध्याकाळी जडपणा जाणवतो, पुढे गोळा हाताला लागतो आणि अखेरीस तो बाहेरच राहतो. सुश्रुतसंहितेतील वीस योनिव्यापदांमध्ये ‘प्रस्रंसिनी’ या नावाने एका विकाराची गणना आहे. दुखणे नवे नाही आणि लाजिरवाणे तर मुळीच नाही. त्यात त्या स्त्रीच्या वर्तनाचा काही दोष नसतो.

तरीही तिचे जगणे त्याभोवती हळूहळू आक्रसत जाते. खोकला आला की थेंब गळतात. लघवी पूर्ण होत नाही म्हणून पुन्हा जावे लागते. काही स्त्रियांना तर बोटाने गोळा आत सारल्याशिवाय लघवी किंवा शौच होत नाही. जैन घरात याला आणखी एक पदर आहे. वस्त्रशुद्धीची खात्री उरली नाही म्हणून ती स्त्री अभिषेकाला उभी राहत नाही, पुढे पूजेला जाणे सोडते, आणि घरच्यांना वाटते की वयामुळे उत्साह कमी झाला. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला सारे घर निघते. “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते” असे म्हणून आजी मागे राहते. वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल, ही तिची खरी अडचण असते, आणि ती कोणी विचारत नाही.

हे मौन किती खोल आहे, याची मोजणी विदर्भातच झालेली आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये सुमारे ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा कोणता ना कोणता विकार होता, आणि त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ ८ होत्या. तो अभ्यास सर्वच स्त्रीरोगांचा होता, केवळ अंग बाहेर येण्याचा नव्हे. आणि गडचिरोलीची खेडी व कारंज्याची पेठ यांत अंतर आहे हेही खरे. परंतु तपासणीला न जाण्याच्या बाबतीत पैसा असलेली घरे फार पुढे आहेत, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात मधुमेहाची साखर दरमहा तपासली जाते, त्याच घरातील आईची ही तपासणी शेवटच्या बाळंतपणानंतर एकदाही झालेली नसते.

अखेर गोष्ट डॉक्टरांपर्यंत गेली की घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. “या वयात कशाला चिरफाड, सोसा,” हे पहिले. “पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,” हे दुसरे. सोसण्याने दुखणे कमी होत नाही, हे उघड आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे.

पिशवी काढणे ही अनेकांसाठी आवश्यक आणि उपकारक शस्त्रक्रिया आहे. परंतु ती घाईने, अन्य पर्याय न सांगता होऊ नये, याची जाणीव महाराष्ट्राला फार कटू मार्गाने झाली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला. शिवाय एक शारीरिक वस्तुस्थिती आहे. अंग खाली येते ते आधार सैल झाल्यामुळे. पिशवी काढली आणि आधार नीट बांधला नाही, तर काही वर्षांनी योनिमार्गाचा वरचा भागच खाली उतरू शकतो. म्हणून “पिशवी काढली की कायमची सुटका” हे गृहीतक तपासून घ्यावे. गर्भाशय जागेवर ठेवून आधार बांधण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईतच घडल्या. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांची पट्टी बांधण्याची शस्त्रक्रिया आणि पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया या दोन्ही आजही अभ्यासक्रमात शिकवल्या जातात. तरुण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचा विचार होतो.

सोसणे आणि शस्त्रक्रिया यांच्या मधोमध एक साधन आहे, त्याचे नाव पेसरी. बोलीत तिला ‘रिंग’ म्हणतात. गर्भनिरोधाच्या तांबीशी तिचा काही संबंध नाही. तांबी गर्भाशयाच्या आत बसते. रिंग योनिमार्गात बसते आणि उतरलेल्या अवयवांना खालून टेकू देते. कल्पना अतिप्राचीन आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य यासाठी अर्धे डाळिंब वापरीत. पुढे लाकूड, मेण, धातू, रबर असा प्रवास होऊन आता वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनपर्यंत तो आला आहे. सिलिकोन मऊ असते, त्याला सहसा वास धरत नाही आणि ते धुऊन पुन्हा वापरता येते. ते प्राणिज नसते, हेही या मासिकाच्या वाचकांना सांगितलेले बरे.

रिंग एकाच जातीची नसते. सर्वसाधारणपणे पहिली पसंती साध्या वाटोळ्या, लवचिक कड्याला दिली जाते. ते दुमडून आत सरकवता येते. पुढे जघनास्थीच्या मागे आणि वर गर्भाशयमुखाच्या मागे टेकून ते राहते. मूत्राशयाचा भाग पुढून जास्त उतरत असेल तर मध्यभागी पातळ पडदा असलेले कडे देतात. खोकताना थेंब गळणे हीच मुख्य तक्रार असेल, तर मूत्रनलिकेखाली टेकू देणारी छोटी गाठ असलेले कडे मिळते. अंग पुष्कळ बाहेर आले असेल आणि साधे कडे टिकत नसेल, तर गेलहॉर्न नावाचा प्रकार वापरतात. तो बशीला दांडी लावल्यासारखा दिसतो. त्याचा आधार भक्कम असतो, परंतु तो स्वतः काढणे बहुतेक स्त्रियांना जमत नाही आणि तो असताना पतिपत्नीसंबंध शक्य नसतो. जाड वाटोळी पेसरीही असते. घनाकृती पेसरी भिंतींना चिकटून बसते, म्हणून ती रोज रात्री काढावीच लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

यावरून ध्यानात येईल की ‘सर्वांत चांगली रिंग कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. अंग किती आणि कोणत्या बाजूने उतरले आहे, मार्ग किती रुंद व किती खोल आहे, हाताच्या बोटांत संधिवात आहे का, दृष्टी कशी आहे, पती हयात आहेत का आणि संबंध आहेत का, दवाखाना किती लांब आहे, या सर्वांवर निवड ठरते. शेवटचे दोन-तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास संकोच वाटतो आणि रुग्णाला सांगण्यास त्याहून अधिक. म्हणून तपासणीच्या वेळी थोडा वेळ तरी त्या स्त्रीला एकटीला बोलू द्यावे. मुलगा आणि सून दोघेही खोलीत उभे असतील, तर ती “काही नाही, सगळं ठीक आहे” एवढेच म्हणेल.

माप घेण्याचा दिवस महत्त्वाचा. रिंगचे आकार मिलिमीटरमध्ये येतात. डॉक्टर बोटांनी अंतर अजमावून एक आकार निवडतात. बसवल्यानंतर रिंग आणि योनिमार्गाची भिंत यांच्यामध्ये एक बोट सहज फिरले पाहिजे. मग त्या स्त्रीने लगेच घरी निघू नये. दवाखान्यातच दहा-पंधरा मिनिटे चालावे, उकिडवे बसावे, मुद्दाम खोकावे, आणि मुख्य म्हणजे लघवी करून पाहावी. लघवी अडली तर रिंग मोठी आहे. उकिडवे बसताच ती निसटली तर लहान आहे किंवा प्रकार चुकला आहे. योग्य बसलेली रिंग आत आहे हे जाणवतही नाही. पहिल्याच प्रयत्नात माप जुळले नाही म्हणून अनेक घरे हा मार्ग सोडून देतात. वास्तविक दोन-तीनदा बदलावे लागणे यात नवल काही नाही. चपलेचे माप चुकले म्हणून कोणी अनवाणी फिरत नाही. आपल्याकडील भारतीय पद्धतीच्या संडासात जोर केल्याने रिंग बाहेर येण्याची शक्यता अधिक असते. तसे झाले तर घाबरू नये. ती साबण-पाण्याने धुऊन ठेवावी आणि पुढच्या भेटीला सोबत न्यावी. एक गोष्ट मात्र आधी सांगितलेली नसेल तर गोंधळ उडतो: अंग वर उचलले गेल्यावर काहींना लघवी गळण्याचा त्रास नव्यानेच जाणवतो. पूर्वी दुमडलेली मूत्रनलिका आता सरळ झालेली असते. हे रिंगचे अपयश नव्हे. प्रकार बदलून ते पुष्कळदा सावरता येते.

आता खऱ्या जोखमीकडे येऊ. रिंग खरेदी करणे सोपे आहे. शस्त्रक्रियेच्या मानाने खर्चही किरकोळ आहे. परंतु ती एकदा बसवून विसरण्याची वस्तू नाही. कर्जखात्याचे जसे ठरल्या तारखेला नूतनीकरण करावे लागते, तसा तिचा आढावा ठरलेला असतो. पहिली भेट एक-दोन आठवड्यांत, नंतर जी स्त्री रिंग स्वतः काढू शकत नाही तिने साधारण दर तीन महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांनी, डॉक्टरांकडून ती काढून, धुऊन, आतील त्वचा तपासून पुन्हा बसवून घ्यायची. हे चुकले तर घर्षणाने व्रण होतात, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव येतो. वर्षानुवर्षे विसरलेली रिंग भिंतीत रुतून बसते आणि मूत्राशय किंवा गुदाशयाला छिद्र पाडू शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते प्रायः एकाच प्रकारे: बसवणारे डॉक्टर गाव सोडून गेले, सांगणारी सून दुसऱ्या शहरी गेली, आणि आजीला स्मृतिभ्रंश झाला. घरात रिंग आहे ही माहितीच कोणाकडे उरली नाही.

यास्तव निवड करताना सर्वांत आधी एवढेच ठरवावे: ही रिंग कोण काढणार आणि कधी काढणार? ज्या स्त्रीला जमेल तिने स्वतः काढायला शिकणे उत्तम. आठवड्यातून एकदा रात्री काढायची, धुवायची, सकाळी बसवायची. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या जीवनमानात दवाखान्यावर विसंबणाऱ्यांच्या तुलनेत काही उणे आढळले नाही आणि त्यांना गुंतागुंतीही कमी झाल्या. शिकवायला परिचारिकेची अर्ध्या तासाची सवड लागते. ती मागून घ्यावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निवडलेला दवाखाना दर तीन महिन्यांनी गाठता येईल असा असावा. नागपूर किंवा पुण्याच्या नामांकित रुग्णालयात रिंग बसवून आणायची आणि रिसोडला परतल्यावर ती काढणारे कोणी नाही, ही व्यवस्था नव्हे. वाशिमला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही प्रारंभ झाला आहे; अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट विचारावे की आपण रिंग बसवता का, कोणते प्रकार ठेवता, आणि मधल्या काळात त्रास झाला तर कोणाकडे यायचे.

पाळी गेलेल्या स्त्रियांना आतील त्वचा जाड व ओलसर राहावी म्हणून डॉक्टर बहुधा इस्ट्रोजेनचे मलम देतात. येथे जैन वाचकांनी एक माहिती ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या मलमांपैकी ‘कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन’ या प्रकारातील औषध गाभण घोड्यांच्या मूत्रापासून मिळवले जाते. ‘प्रीमारिन’ या प्रसिद्ध व्यापारी नावाची व्युत्पत्तीच तशी आहे. इस्ट्रिऑल हे मलम त्याहून वेगळे आहे, घोडीशी त्याचा संबंध नाही. जिला हे आपल्या आचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते तिने निःसंकोच विचारावे. डॉक्टरांना पर्याय देता येतो. ज्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला होता तिने मात्र कोणतेही मलम लावण्यापूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

रिंग सर्वांसाठी नाही. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे, मग रिंग. जंतुसंसर्ग किंवा व्रण असेल तर तो बरा होऊ द्यावा. जिची देखभाल कोणी करणार नाही अशा स्त्रीला ती बसवूच नये. आणि रिंग शस्त्रक्रियेइतकी समाधानकारक असते काय? नेदरलँड्समध्ये ४४० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात आला. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे ८२ टक्के आणि रिंगच्या गटातील सुमारे ७६ टक्के स्त्रियांनी सुधारणा झाल्याचे सांगितले; मात्र रिंगने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांनी त्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे पारडे किंचित शस्त्रक्रियेकडे झुकते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की रिंग वापरून पाहिल्याने शस्त्रक्रियेचा दरवाजा बंद होत नाही. रिंग काढता येते. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. हृदयविकार, दमा, अनियंत्रित मधुमेह यांमुळे भूल धोक्याची ठरते अशा वृद्धेला, किंवा अजून मूल हवे आहे अशा सुनेला, हा फरक फार मोठा आहे.

रिंगबरोबर दोन-तीन सवयीही बदलाव्या लागतात. ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, ज्याला डॉक्टर केगल म्हणतात, सौम्य अवस्थेत उपयोगी पडतो; योगाभ्यासातील अश्विनी मुद्रा त्याच जवळची आहे. बद्धकोष्ठ टाळावे. चातुर्मासात एकाशन, आयंबील किंवा निर्जल उपवास करणाऱ्या स्त्रियांना पाण्याअभावी मळ कठीण होतो आणि जोर करावा लागतो. तपाआधीच्या व पारण्यानंतरच्या दिवसांत पाणी आणि भाज्यांकडे विशेष लक्ष द्यावे. धान्याचे डबे, पाण्याच्या कळशा उचलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. येथे ‘दुसऱ्यावर’ म्हणजे घरकामाला येणाऱ्या बाईवर, असा अर्थ सहज घेतला जातो. तिलाही हाच त्रास असण्याचा संभव घरमालकिणीपेक्षा कमी नसतो, आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेणारे कोणी नसते. आईला नेताना गाडीत आणखी एक जागा असते.

रिंग बसवल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहून आधारकार्डाच्या प्रतीसोबत ठेवाव्यात: रिंगचा प्रकार, तिचे माप, बसवल्याची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख. खाली डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. एक प्रत घरी असलेल्या सुनेकडे, एक परगावी असलेल्या लेकीकडे. देयकांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिण्याची रीत व्यापारी घरांत आहेच. त्याच दिनदर्शिकेत दर तीन महिन्यांनी एका चौकोनात ‘आई, दवाखाना’ एवढे दोन शब्द पुरेसे होतात. कशासाठी, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.